खांदा बोलतोय, ऐकताय ना?

पथकाचा सराव रंगात आलेला, मिरवणूक पाच आठवड्यांवर आणि खांदा म्हणतो, आता बास! अशा वेळी काय कराल? गोळी खाऊन रेटाल, इंजेक्शन घ्याल, की थांबाल?

मागच्या वर्षी श्रावणातल्या एका सकाळी मला केस बांधता आले नाहीत.

रबर तोंडात धरलं, दोन्ही हात मागे नेले आणि उजवा हात खांद्याच्या वर जातोय तोच आत कुणीतरी दाभण खुपसावं तशी कळ आली. हात खाली आणला, कळ गायब. परत वर नेला, परत तेच. शेवटी आईनं वेणी घातली. वीस वर्षांच्या घोडीची वेणी! वर टोमणा होताच, “नाचव अजून झेंडे.”

“झेंडे नाही गं, ध्वज,” असं सवयीनं म्हटलं खरं, पण आवाजात काही दम नव्हता.

तुमच्यापैकी जे ढोल-ताशा पथकात आहेत त्यांना सांगायला नकोच. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ढोल कमरेला बांधतात, ताशा गळ्यात अडकवतात. पण ध्वज मात्र सगळा हातांवर असतो. लांब काठी, तिच्यावर भलंमोठं कापड आणि त्या कापडात भरणारा वारा. ढोलाच्या ठेक्यावर तो डोक्याच्या वर नाचवायचा, खाली आणायचा, परत वर. वाद्यपूजन झालं की रोज संध्याकाळी नदीपात्रात दोन-अडीच तास सराव. वर्षभर मोबाइलपेक्षा जड काही न उचललेला हात एकदम रोज एवढा वेळ डोक्याच्या वर! आणि आम्ही म्हणतो, ‘अचानक’ दुखायला लागलं.

अचानक काही नव्हतं. खांदा तीन आठवडे बोलत होता. आधी सरावानंतर दंडाच्या बाहेरच्या बाजूला ठणका. मग रात्री उजव्या कुशीवर झोपलं की जाग. मग गाडीवर बसल्याबसल्या मागच्या सीटवरची सॅक ओढताना ‘आई गं!’ प्रत्येकानं आपापलं औषध सांगितलं. आजीनं तेल गरम करून चोळलं. मैत्रिणीनं स्प्रे मारला. पथकातल्या सीनियर्सनी नेहमीचं वाक्य टाकलं, “पहिल्या वर्षी सगळ्यांचंच दुखतं, सवय होईल.” माझं तिसरं वर्ष होतं! मग मी मेडिकलमधून गोळ्या आणल्या आणि सरावाआधी अर्धा तास एक घ्यायला लागले. गोळीनं सराव निभायचा. रात्र निभायची नाही.

तुम्ही पथकात नसाल कदाचित. पण क्रिकेटमध्ये बोलिंग टाकत असाल, बॅडमिंटनचे स्मॅश मारत असाल, स्विमिंगला जात असाल, जिममध्ये महिन्याभरात खांदे कमवायचा चंग बांधला असेल, नाहीतर गॅदरिंगसाठी दोन रात्री जागून हॉलचं छत सजवलं असेल, तर हे दुखणं तुमच्याही ओळखीचं आहे.

आत नेमकं काय बिनसतं?

दुधाची रिकामी पिशवी घ्या. तिच्यात तेलाचे दोन-तीन थेंब टाका, पिशवी दोन तळहातांमध्ये धरा आणि हात एकमेकांवर घासा. आतल्या आत कसं सुळसुळ सरकतं बघा. आपल्या शरीरात अशा दीडशेच्या आसपास पिशव्या आहेत. त्यांना बर्सा म्हणतात. जिथं हाड, स्नायू, स्नायूची दोरी किंवा कातडी एकमेकांवर घासण्याची शक्यता असते, तिथं ही पातळ पिशवी मध्ये बसलेली असते. आत जेमतेम ओलावा. काम एकच, घर्षण होऊ द्यायचं नाही.

खांद्यातली अशी सगळ्यात महत्त्वाची पिशवी खांद्याच्या टोकावरच्या हाडाखाली असते. बोटांनी चाचपलं तर ते हाड तुम्हालाही लागेल, छपरासारखं पुढे आलेलं. डॉक्टर त्याला अ‍ॅक्रोमियन म्हणतात. त्या छपराखाली बर्सा आणि तिच्या खाली ‘रोटेटर कफ’ नावाची चार स्नायूंची चौकडी, जी दंडाच्या हाडाचा गोळा त्याच्या उथळ वाटीत धरून ठेवते. एरवी सगळं गुण्यागोविंदानं चालतं. पण हात पुन्हा पुन्हा डोक्यावर जायला लागला, स्नायू दमले, तरी आपण थांबलो नाही, की त्या चिंचोळ्या जागेतली मंडळी चिडतात. बर्सा सुजते, जाड होते. सूज आली की जागा आणखी कमी. झालं, बर्सायटिस!

म्हणूनच हात बाजूनं वर नेताना मधल्या टप्प्यात, साधारण ६० ते १२० अंशांच्या दरम्यान, जास्त दुखतं. आणि त्या कुशीवर झोपलं की रात्री उठवतं.

नावांनी मात्र घाबरून जाऊ नका. एका कागदावर ‘बर्सायटिस’ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ‘इम्पिंजमेंट’, तिसऱ्यावर ‘टेंडिनोपथी’. बर्सा सहसा एकटी रुसत नाही, शेजारचे स्नायूही तिच्यासोबत कुरकुरत असतात. त्यामुळे पुष्कळदा दुखणं एकच असतं, नावं तीन. आणि हो, कोपरावर टेकून तासन् तास वाचणाऱ्यांच्या कोपराची बर्साही सुजते. तिला इंग्रजीत चक्क ‘स्टुडंट्स एल्बो’ म्हणतात. एमपीएससीवाल्यांनो, कोपराखाली काहीतरी मऊ घ्या!

एक खांदा, तीन सल्ले

वेणी प्रकरणानंतर आईनं कान धरून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हात सगळ्या दिशांनी फिरवून पाहिला, दाबून पाहिला, एक्स-रे काढला. हाडं उत्तम. “बर्सायटिस आहे,” ते म्हणाले. मी एकच प्रश्न विचारला, “मिरवणुकीपर्यंत दुखायचं थांबेल ना?”

“इंजेक्शन दिलं तर लवकर आराम पडेल. विचार करून सांग.”

मला तर लॉटरी लागल्यासारखं झालं. एक सुई आणि मी परत ध्वजाखाली!

घरी आल्यावर फोनाफोनी सुरू झाली. नात्यातल्या एका काकांनी परस्पर निकाल दिला, “एमआरआय काढा आणि दुर्बिणीतून करून टाका एकदाचं. आजकाल काही नसतं त्यात.” तिसरा सल्ला आला तो एका फिजिओथेरपी कॉलेजच्या ओपीडीतून. तिथल्या ताईंनी हात तपासला आणि शांतपणे सांगितलं, “बरं होईल. व्यायामानं होईल. पण निदान बारा आठवडे धर.”

बारा आठवडे? मी बोटांवर मोजलं. गणपती गेले, नवरात्र गेलं, थेट दिवाळी!

आता सांगा, वयाच्या विसाव्या वर्षी पाच आठवड्यांवर मिरवणूक असताना तुम्ही काय निवडलं असतंत? खरं सांगा हं. मी मनात इंजेक्शन निवडून टाकलं होतं.

प्रश्नच चुकला होता

इंजेक्शनच्या नावानं बोटं मोडायला मी बसलेली नाही. माझ्या आत्याला खांद्यानं महिनाभर झोपू दिलं नव्हतं. तिला इंजेक्शन दिल्यावर ती पहिल्यांदा रात्रभर झोपली आणि मगच तिला व्यायाम सुरू करता आला. तिच्यासाठी तो निर्णय बरोबर होता. हे इंजेक्शन बहुतेक वेळा स्टेरॉइडचं असतं. जिममधल्या पोरांच्या तोंडी असतं ते स्टेरॉइड नव्हे, सूज उतरवणारं. ते काही आठवडे चांगला आराम देऊ शकतं. डायबेटिस असेल तर साखर काही दिवस वाढते, म्हणून डॉक्टरांना आधी सांगायचं. आणि वारंवार घेतलं तर स्नायूची दोरी कमकुवत होण्याची भीती असते, म्हणून ते ऊठसूट देत नाहीत.

मग माझा पेच काय होता? फिजिओताईंनी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, “डॉक्टरांना हेही विचार, की इंजेक्शन घेतल्यावर ध्वज कधी उचलू.”

मी परत गेले आणि विचारलं. डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. “ध्वज? तू मिरवणुकीत ध्वज नाचवणार आहेस? मला वाटलं तुला चालत जायचंय! अगं, इंजेक्शननंतर दोन-तीन आठवडे तरी त्या हाताला जड काम द्यायचं नाही. आणि दुखणं दबलं म्हणजे खांदा बरा झाला असं नाही. दुखत नाही म्हणून तू आठ-दहा तास तो फिरवशील आणि नंतर माझ्याकडे वेगळंच काहीतरी घेऊन येशील.”

डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. मी विचारलं होतं, ‘दुखायचं थांबेल का?’ त्याचं त्यांनी प्रामाणिक उत्तर दिलं होतं. मला खरं विचारायचं होतं ते वेगळंच, ‘या खांद्यानं मी काय करू शकेन, कधीपासून, आणि त्याची किंमत काय?’ उपचार निवडताना आपण इथंच गंडतो. दुखणं ही त्या अवघडलेल्या खांद्याची घंटा आहे. घंटा बंद करणं आणि आग विझवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सरावाआधी रोज गोळी घेत होते तेव्हा मी दुसरं काय करत होते? घंटेत बोळाच कोंबत होते की! त्यात त्या वेदनाशामक गोळ्या रिकाम्या पोटी पोटाला त्रास देतात, दम्याच्या काही रुग्णांना चालत नाहीत. आणि पावसाळ्यात आणखी एक धोका. अंगात ताप असेल आणि तो डेंग्यूचा निघाला, तर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. ताप आहे, खांदाही दुखतोय, म्हणून कपाटातली गोळी तोंडात टाकू नका. आधी डॉक्टरांना विचारा.

आणि ऑपरेशन?

काकांच्या सल्ल्याचीही जरा खबर घेतली. त्यामागची गोष्ट मोठी मजेदार निघाली.

चार्ल्स नीअर या अमेरिकन सर्जननं १९७२ मध्ये मांडलं, की छपराचं ते हाड खालच्या स्नायूला घासतं, म्हणून दुखतं. मग उपाय काय? हाडाचा खालचा भाग तासायचा, जागा मोकळी करायची. पटण्यासारखं आहे ना? जगभरच्या सर्जनना पटलं. पुढे ते दुर्बिणीतून व्हायला लागलं आणि लाखो खांदे तासले गेले.

मग काही डॉक्टरांनीच विचारलं, पण हे खरंच कामाला येतं का? ब्रिटनमध्ये ३१३ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाचं हाड तासलं, दुसऱ्या गटात दुर्बीण घालून फक्त आत बघितलं, तासलं काहीच नाही, आणि तिसऱ्याला ऑपरेशनच दिलं नाही. आपलं हाड तासलंय की नाही, हे पहिल्या दोन गटांतल्या रुग्णांना माहीत नव्हतं. निकाल ‘लॅन्सेट’मध्ये आला. हाड तासलेल्यांत आणि नुसतं बघून बाहेर आलेल्यांत महत्त्वाचा म्हणावा असा फरकच नव्हता! फिनलंडमधल्या अशाच अभ्यासातही २०१८ मध्ये तेच दिसलं. २०१९ मध्ये ‘बीएमजे’ या नियतकालिकात तज्ज्ञांच्या गटानं स्पष्ट सांगितलं, की अशा दुखण्यासाठी हे हाड तासायचं ऑपरेशन करू नये.

एमआरआय, सोनोग्राफीचंही तसंच. २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ४० ते ७० वयाच्या ५१ पुरुषांच्या खांद्यांची सोनोग्राफी केली. या कुणाचाही खांदा दुखत नव्हता. तरी ४९ जणांच्या रिपोर्टमध्ये काही ना काही सापडलं आणि ४० जणांची तर बर्सा जाड निघाली. म्हणजे रिपोर्टमध्ये काही दिसलं म्हणून तेच दुखतंय असं नाही. चित्रावर उपचार करायचे नसतात, माणसावर करायचे असतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. पडून, आपटून खांदा निखळला असेल, स्नायू फाटला असेल तर हिशेब वेगळा. तिथं ऑपरेशन लागू शकतं आणि उशीर महागात पडू शकतो. शिवाय वरच्या अभ्यासांतली माणसं बहुतेक मध्यमवयीन होती. विशीतल्या खांद्याचा निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरांसोबतच घ्यायचा.

आणि व्यायामाला पैसे किती लागतात ही धास्ती असेल, तर हे ऐका. ब्रिटनमध्येच ७०८ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये आला. काहींना फिजिओथेरपिस्टनी सहा वेळांपर्यंत बोलावून व्यायाम शिकवला. काहींना एकदाच बोलावून नीट समजावलं आणि घरी करायला सांगितलं. वर्षानंतर दोन्ही गट जवळपास सारखेच. इंजेक्शनचा फायदा आठ आठवड्यांनी थोडाफार दिसला, वर्षानंतर तोही उरला नाही. म्हणजे होस्टेलवर राहणाऱ्या, खिशात मोजके पैसे असणाऱ्यालाही एकदा नीट शिकून, रोज स्वतः करून बरं होता येतं. सरकारी रुग्णालयांत, फिजिओथेरपी कॉलेजांच्या ओपीडीत हे शिकवतात. रोज करणं तेवढं आपल्या हातात.

दोरीवर ये

निर्णय झाला. आता पथकात सांगायचं होतं. खोटं कशाला बोलू, खांद्यापेक्षा तेच जास्त दुखलं. तीन वर्षं ‘ध्वजवाली’ हीच माझी ओळख. सराव संपल्यावर पथकप्रमुख दादांना गाठलं आणि एका दमात सांगून टाकलं. मला वाटलं, ओरडतील. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “दोरीवर ये.”

पथकाभोवती जी माणसं दोरीचं कडं धरून चालतात ना, ती. गर्दी आत येऊ द्यायची नाही, वादकांना पाणी द्यायचं, कुणाला चक्कर आली तर बाहेर काढायचं. त्यांचा फोटो कुणी काढत नाही. मी डाव्या हातानं दोरी धरली.

लक्ष्मी रोडवर ढोल घुमायला लागले तेव्हा माझ्या ध्वजाची काठी एका ज्युनियर मुलीच्या हातात होती. डोळे भरून आले, नाही म्हणत नाही. पण त्याच दिवशी एक गंमत झाली. पाणी देताना एक ढोलवाला हळूच म्हणाला, “ताई, तुझ्या त्या फिजिओंचा पत्ता दे ना. माझा पण डावा गेलाय.” नंतर एक ताशेवाली. नंतर आणखी एक. महिनाभर सगळे गोळ्या खाऊन एकमेकांना ‘सवय होईल’ सांगत होते! एकानं तोंड उघडल्यावर बाकीच्यांनी उघडलं.

यंदा आमच्या सरावाची सुरुवात दहा मिनिटांच्या वॉर्मअपनं होते. पहिल्या आठवड्यात फक्त अर्धा तास वादन, मग हळूहळू वाढवत न्यायचं. ध्वज एका हातात सलग राहत नाही, पाळीपाळीनं फिरतो. हे आधीच सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

खांद्यासोबत राहताना

बरं होणं म्हणजे हात गळ्यात बांधून बसणं नव्हे. उलट फार दिवस हलवलाच नाही तर खांदा आखडतो. पहिले काही दिवस डोक्याच्या वरची कामं बंद, रुमालात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, आणि मग हळूहळू काम द्यायचं.

मला पहिला व्यायाम शिकवला तो लंबकाचा. टेबलावर डावा हात टेकून वाकायचं, उजवा हात दोरीसारखा सैल सोडायचा आणि अंगाच्या हेलकाव्यानं तो झुलू द्यायचा. अर्नेस्ट कॉडमन या बोस्टनच्या सर्जनच्या नावानं हा व्यायाम ओळखला जातो. खांद्यावरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक १९३४ चं. याच माणसानं आग्रह धरला होता, की ऑपरेशन केलेल्या प्रत्येक रुग्णाला वर्षानंतर परत बोलवा आणि विचारा, उपयोग झाला का? त्या काळी या हट्टापायी त्यांनी सहकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. शंभर वर्षांनी खांद्याच्या ऑपरेशनांना नेमका तोच प्रश्न विचारला गेला, बघा!

लंबकानंतर भिंतीवरून बोटांनी वर चढत जाणं, मग भिंतीला हात टेकून नुसता जोर लावणं, मग रबरी पट्टा ओढणं. पाठीच्या वरच्या भागाचे व्यायामही, कारण खांद्याचा पाया तिथंच. ताईंचा नियम सोपा होता. दुखणं शून्य ते दहामध्ये मोजायचं. व्यायाम करताना तीन-चारपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत खाली यायला हवं. नाही आलं तर कालचा डोस जास्त झाला. आज कमी करा, बंद नका करू.

बाकी रोजच्या जगण्यातल्या युक्त्या आपोआप सापडत गेल्या. कुर्ता घालताना दुखरा हात आधी घालायचा, काढताना शेवटी काढायचा. झोपताना दुखऱ्या कुशीवर नाही. पाठीवर झोपलं तर दंडाखाली छोटी उशी, दुसऱ्या कुशीवर झोपलं तर छातीशी उशी घेऊन हात तिच्यावर. सॅक एका खांद्यावर लटकवायची नाही. बसमध्ये वरची कडी सोडून सीटचा दांडा धरायचा. वरच्या फळीवरचा डबा हात ताणून काढायचा नाही, स्टूल घ्यायचं. फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं तर सरांना सांगायचं, ‘खांदा दुखतोय’, हे कारण मात्र पहिल्यांदाच खरं असतं!

दांडियाची रात्र

हे वाचून मी फार शहाणी झाले असं वाटत असेल तर नवरात्राचं ऐका. आठवा आठवडा. खांदा छान वागत होता. रात्री झोप लागत होती. कॉलेजच्या दांडियाला गेले, “एकच राउंड” म्हणत साडेतीन तास खेळले. दुसऱ्या दिवशी हात परत छातीच्या वर जाईना.

मी रडकुंडीला येऊन ताईंना फोन केला. वाटलं, सगळं पाण्यात गेलं. त्या हसल्या. “पाण्यात काही जात नाही. दोन पायऱ्या खाली आलीस, पहिल्या पायरीवर नाही. चार दिवस हलकं ठेव, मग परत चढ.” तसंच झालं. आठवड्याभरात गाडी रुळावर आली. बरं होण्याची रेघ सरळ वर जात नाही, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. म्हणून तुम्हाला सांगून ठेवते.

दिवाळीत आकाशकंदील लावायची वेळ आली. दरवर्षी ते काम माझंच. बाबा स्टूल धरून उभे होते, म्हणाले, “दे, मी लावतो.” मी नाही दिला. उजवा हात वर नेला, हुकात दोरी अडकवली. वर जरासं ओढल्यासारखं झालं. तीन-चार असेल दहापैकी. सकाळी उठले, अभ्यंगस्नान झालं, केस पुसले आणि रबर तोंडात धरून दोन्ही हात मागे नेले.

वेणी मीच घातली. आई म्हणाली, “वाकडी झालीये.”

असू दे.

डॉक्टरांकडे जाताना हे विचारा

- हे नेमकं काय आहे, आणि आणखी काय असू शकतं?
- काहीच उपचार केला नाही तर काय होईल?
- मला या हातानं हे-हे काम करायचंय. (काम स्पष्ट सांगा!) ते कधीपासून करू शकेन?
- या उपचाराचा फायदा किती दिवस टिकतो, तोटा काय?
- ही तपासणी केली तर त्यामुळे उपचार बदलणार आहे का?

इथं थांबू नका, तातडीनं दाखवा

- खांदा लाल, गरम झालाय आणि ताप किंवा थंडी वाजून येतेय.
- पडल्यानंतर, आपटल्यानंतर हात उचलताच येत नाही किंवा खांद्याचा आकार बदललाय.
- हाताला मुंग्या, बधिरपणा येतोय, पकडीतला जोर गेलाय.
- खांद्यासोबत छातीत दुखतंय, दम लागतोय, घाम फुटतोय. घरातल्या मोठ्यांच्या बाबतीत तर हे कधीच ‘खांद्याचं असेल’ म्हणून सोडू नका.
- दोन-तीन आठवडे सांभाळूनही दुखणं कमी व्हायचं नाव घेत नाही, किंवा रोज रात्री झोपमोड होतेय.